थांबण्याची सोय

माझ्या मालकीचे वाहन एकच, ते म्हणजे सायकल. ती मी गेली बावीस वर्षे वापरीत आहे आणि तिच्या ब्रेकविषयी माझे मत असे की, तो लागला तर उत्तम, न लागला तर पाय आहेतच. पोंभुर्ण्यासारख्या गावात राहणाऱ्या, दिवसा मुलांना बेरीज-वजाबाकी शिकवणाऱ्या आणि रात्री कादंबऱ्या लिहिणाऱ्या मास्तराला यापेक्षा अधिक वेगाची गरज पडत नाही. माझ्या कादंबऱ्यांविषयी तर जाणकारांची तक्रारच अशी आहे की, त्या सुरू होऊन शंभर पाने झाली तरी जागच्या हलत नाहीत. अशा माणसाने मोटारीच्या ब्रेकविषयी लिहावे, हा विनोदच आहे. पण गेल्या दिवाळीत आमच्या घरी चकलीइतकीच, किंबहुना चकलीहून जास्त, चर्चा झाली ती ब्रेकची. आणि त्या चर्चेतून जे निघाले ते सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

याला कारण माझा भाचा. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. लहानपणी माझ्याच सायकलच्या दांडीवर बसून त्याने अंधारी नदीपर्यंतचे जग पाहिले. आता तो पुण्याला एका कारखान्यात इंजिनियर आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने लाल रंगाची एक पोलो जीटी घेतली, दुसऱ्या हाताची. मला ती चारचौघांसारखी छोटी मोटार वाटली. त्याच्या लेखी ती स्पोर्ट्स कार. एकदा तो शब्द तोंडात बसल्यावर तिच्यावर खर्च करायला माणसाला कारण लागत नाही.

भाच्याचे वडील, म्हणजे आमचे भाऊजी, यांनी तीस वर्षे ट्रक चालवला. बल्लारपूरच्या कागदाच्या कारखान्यासाठी बांबू, कधी धान, कधी सिमेंट. त्यांच्या हिशेबी गाडी म्हणजे माल नेण्याचे साधन. माल नाही, भाडे नाही, आणि नुसती वाटोळी फिरवायला पैसे मोजून गाडी न्यायची, हे त्यांच्या डोक्यात शिरेना. मुलाने ही मोटार घेतल्यापासून बापलेकांचे बोलणे जवळजवळ थांबले होते. भांडण नव्हते; पण भाऊजी ताईला म्हणत, "त्याले विचार, आंघोळीले पानी काढू काय?" आणि तो दोन हातांवर बसलेला असे.

तर हा भाचा गेल्या दिवाळीला पुण्याहून नव्हे, मद्रासेकडून आला. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे मोटारींच्या शर्यतीचा एक प्रसिद्ध रस्ता आहे. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब ही १९५३ साली स्थापन झालेली संस्था. आरंभी ती शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती भरवीत असे आणि १९९० साली तिने हा स्वतःचा मार्ग बांधला. सुमारे पावणेचार किलोमीटरांची एक फेरी. तिथे काही ठराविक दिवशी हौशी लोकांना, फी घेऊन, आपापली रोजची मोटार मनसोक्त पळवू देतात. याला म्हणतात 'ट्रॅक डे'. ही शर्यत नव्हे. कुणाला हरवायचे नाही, बक्षीस नाही. डोक्याला शिरस्त्राण घालायचे, वळणावर वळण घ्यायचे आणि संध्याकाळी तीच मोटार घेऊन घरी परतायचे.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, पणत्या लावण्याच्या वेळेस, तो आमच्या गल्लीत शिरला. दाराशी गाडी थांबताना तिने अशी काही कर्णकर्कश किंकाळी फोडली की ताईच्या हातातली पणती विझली.

"गाडी रडते कायले रे?" ताईने विचारले.

"रडत नाही आई, ब्रेकचे पॅड थंड आहेत," तो म्हणाला, आणि जणू याने सगळा उलगडा झाला अशा समाधानाने आत आला.

शेजारचे आजोबा काठी टेकीत आले. त्यांना सगळी हकीकत सांगितल्यावर त्यांनी एकच प्रश्न केला, "म्हंजे आपल्या पटासारखं?" आमच्या झाडीपट्टीत शंकरपट म्हणजे जीव की प्राण. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली, तेव्हा या आजोबांनी आठ दिवस नीट जेवण घेतले नव्हते. डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला, तेव्हा त्यांनी गल्लीत पेढे वाटले. "मंग पटाच्या गाडीले कुठं ब्रेक रायते?" आजोबा म्हणाले, "धुरकरी दोरी ओढते, नाही तर पुढं रान मोकळं असते. बैल दमले का थांबते." भाचा हसला. पण ओट्याच्या टोकाला, अंधारात बसलेल्या भाऊजींनी मान वर केली होती, हे मी पाहिले.

रात्री जेवणे झाल्यावर भाच्याने डिकीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक पुडके आणले आणि माझ्यासमोर सोडले. आत चार काळपट तुकडे. तळहाताएवढी लोखंडी पट्टी आणि तिच्यावर डिंकाने घट्ट थापल्यासारखा करडा मसाला. हे त्याच्या मोटारीचे रोजचे ब्रेक पॅड. पुढच्या दोन चाकांना चकत्या असतात. आपण पेडल दाबले की असे दोन तुकडे चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. एवढाच सारा प्रकार. मग या चार तुकड्यांचे एवढे कौतुक कशाला, असे मी विचारले, आणि माझी झोप गेली.

पदार्थविज्ञान म्हणून जे काही मी शिकलो ते मॅट्रिकपर्यंतचे. पण त्यात हे होते की गती नाहीशी होत नाही, तिचे रूप बदलते. ब्रेक गाडी थांबवतो म्हणजे तिच्या गतीची उष्णता करतो. आणि वेग दुप्पट झाला की ही उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. आम्ही दोघांनी पाटीवर गणित मांडले. माणसांसह बाराशे किलोची मोटार ताशी ६० किलोमीटरांवरून थांबवायची तर जी उष्णता निर्माण होते तिच्यावर अर्ध्या लिटरहून थोडे जास्त पाणी उकळेल. म्हणजे घरच्या चार माणसांच्या चहाचे आधण. तीच मोटार १५० वरून थांबवली तर साडेतीन लिटर पाण्याला उकळी फुटेल. रस्त्यावर असा चहा दहा-पंधरा मिनिटांनी एकदा होतो. शर्यतीच्या मार्गावर एकेका फेरीत अनेकदा मोटार अशी रेटून आवरावी लागते, आणि मध्ये चकत्यांना निवायला उसंत नसते.

पहिल्या वेळी तो हेच रोजचे पॅड घेऊन गेला होता. तीन फेऱ्या झकास झाल्या. चौथीला जळक्या वासाने नाक भरले. पाचव्या फेरीत सरळ रस्त्याच्या शेवटी त्याने पेडल दाबले, पाय घट्ट टेकला, पण मोटार पुढेच. रोजच्या पॅडमधला मसाला बांधून ठेवणारी राळ साडेतीनशे-चारशे अंशांच्या पलीकडे जळू लागते, तिचा धूर पॅड आणि चकती यांच्यामध्ये शिरतो आणि पकड सुटते. मोटार गवतात गेली. सुदैवाने तिथे गवतच होते.

"त्यातही दोन प्रकार आहेत, मामा," तो म्हणाला. "पाय घट्ट राहिला आणि गाडी थांबली नाही, तर पॅड जळाले. पाय खोल गेला, पोकळीत गेल्यासारखा, तर ब्रेक ऑइल उकळले. ते ऑइल हवेतले पाणी पिते. नवे असताना २३० अंशांपर्यंत टिकणारे ऑइल पाणी प्याले की १५५ लाच उकळते. मग नळीत वाफ भरते, आणि वाफ दाबली तर नुसती दबते. म्हणून आधी ऑइल बदलायचे, मग पॅडचा विचार करायचा."

पॅड निवडणे हे मात्र, मला वाटले, मुलीसाठी स्थळ पाहण्याइतके अवघड आहे. एक पॅड थंडीतही पटकन धरतो, आवाज करीत नाही, चकती झिजवीत नाही. पण तापला की हात सोडतो. दुसरा सहाशे-सातशे अंशांतही डगमगत नाही. पण तो आधी चांगला तापला पाहिजे. थंड असताना तो किंचाळतो, काळी भुकटी उडवतो, चकतीला कानशीसारखा घासतो आणि मुख्य म्हणजे पहिल्या दाबाला नीट धरत नाही. तिसरा दोन्हींच्या मधला. रस्त्यालाही चालतो, ट्रॅकलाही चालतो, आणि अशा मध्यममार्गी गृहस्थांप्रमाणे दोन्हीकडे थोडथोडा कमी पडतो. भाच्याने यावेळी दुसरा घेतला होता. चेन्नईला तो दिवसभर उत्तम चालला. संध्याकाळी परत रोजचे पॅड चढवायला हवे होते, तासाभराचे काम. पण अंग दमलेले, दिवाळी गाठायची, आणि हमरस्त्यावर ब्रेक लागतो किती? म्हणून रोजचे पॅड डिकीत राहिले आणि शर्यतीचे पॅड चाकात.

मला या सगळ्यात मौज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. मी वाचले होते ते त्याला सांगितले. १८८८ सालच्या ऑगस्टमध्ये बेर्था बेंझ ही बाई नवऱ्याला न सांगता, त्यानेच बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन, दोन मुलांसह जर्मनीतील मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी निघाली. शंभर किलोमीटरांहून थोडा जास्त रस्ता. उतारांवर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा तिने वाटेतल्या एका चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. म्हणजे जगातला पहिला ब्रेक पॅड कारखान्यात नव्हे, चांभाराच्या ऐरणीवर जन्मला, आणि तोही माहेरच्या ओढीने! पुढे १८९७ साली इंग्लंडात हर्बर्ट फ्रूड याने हाच धंदा थाटला; त्यालाही ही युक्ती सुचली ती लाकडी ठोकळ्यांना जुने बूट लावणारे गाडीवान पाहून, अशी कथा सांगतात. आपल्या आडनावातली अक्षरे उलटसुलट करून आणि एक भर घालून त्याने मालाचे नाव ठेवले फेरोडो, आणि ते आजतागायत चालू आहे. चकत्यांचा डंका वाजला तो १९५३ साली. फ्रान्समधल्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत चकतीच्या ब्रेकची जॅग्वार पहिली आली, तेव्हा. वेगाचा म्हणून जो इतिहास आपण वाचतो, त्याच्या पोटात हा थांबण्याचा इतिहास दडलेला असतो. कुणी तो फारसा सांगत नाही.

"माहेरी जायला निघालेली बाई थांबायची सोय करून निघते, आणि माझा भाचा आजोळी येताना करीत नाही," असे मी गमतीने म्हणालो. तोही हसला. ही गंमत बारा तासही टिकली नाही.

दुसऱ्या दिवशी पाडवा. आमच्याकडे या दिवशी गायगोधन असते. सकाळपासून गुरे बोडीवर धुवायला नेतात, शिंगांना गेरू लावतात, गळ्यांत घुंगरे आणि मोरपिसे बांधतात. भाच्याने मला मोटारीत घातले. "चला मामा, मूलच्या रस्त्याला एक चक्कर." कार्तिकातली सकाळ, धानाच्या बांध्यांवर धुके होते, काचेवर दव होते, आणि चाकांतल्या त्या चकत्या रात्रभरच्या गारव्याने गोठल्यासारख्या झाल्या असतील. तो काही वेगात नव्हता. ताशी पन्नास असेल. त्याच्यासारख्याला ते रांगणेच.

गावाबाहेर बांबूच्या बेटापाशी रस्ता वळतो. त्या वळणावर बेटामागून एक वासरू निघाले आणि त्याच्या मागे, दोरीला लोंबकळत, एक मुलगा.

भाच्याने ब्रेक दाबला. मला एवढेच कळले की काहीतरी व्हायला हवे होते ते झाले नाही. मोटारीने जणू ऐकले, पण विचार करून सांगते असे म्हटले. तिची ती किंकाळी उठली. त्याने सीटवरून उठून सगळा भार पेडलवर दिला, चाक डावीकडे फिरवले, तेव्हा कुठे पॅडनी धरले. आम्ही गवतात, बांध्याच्या काठाशी तिरपे होऊन थांबलो. वासराची शेपटी आणि मोटारीचे नाक यांत हातभर अंतर असेल.

मुलगा उभाच होता. दोरी त्याने सोडली नव्हती. काचेतून त्याने मला ओळखले. आमच्या चौथीच्या वर्गातला तो. त्याने दोरीसकट हात जोडले आणि म्हणाला, "सर, नमस्ते."

वाचकहो, मला त्या नमस्काराला उत्तर देता आले नाही.

भाचा बराच वेळ दोन्ही हात चाकावर ठेवून बसला. मग म्हणाला, "रोजचे पॅड असते तर दहा पावले अलीकडे थांबलो असतो, मामा. डिकीत आहेत ते. डिकीत!" परतताना त्याने गाडी पायी चालावी तशी आणली.

खरे सांगायचे तर त्या वाटेवर मी त्याच्यापेक्षा माझाच जास्त विचार करीत होतो. दिवाळीच्या सुट्टीआधी याच मुलाने वही आणली नाही म्हणून मी त्याला सर्व वर्गासमोर नाही नाही ते बोललो होतो. मोठ्या प्रसंगी मी फार शांत माणूस आहे. शाळेत साप निघाला, पुरात रस्ता तुटला, माझ्या पुस्तकावर कुणी सडकून टीका केली, अशा वेळी लोक माझ्या संयमाचे कौतुक करतात. तापल्यावर माझे ब्रेक उत्तम लागतात. लागत नाहीत ते गार सकाळी, काही विशेष घडत नसताना, समोर नऊ वर्षांचे पोर वही विसरून आलेले असताना. आणि माझे सारे आयुष्य तर अशा गार सकाळींचेच बनलेले आहे. मोठे प्रसंग किती आले? बोटांवर मोजण्याइतके.

घरी आलो तो ताईने आमची तोंडे पाहूनच ओळखले. लपवण्यात अर्थ नव्हता. भाच्याने सगळे सांगितले, स्वतःला न वाचवता. भाऊजी ऐकत होते. आता हे खवळणार, दोन वर्षांचे साचलेले बाहेर पडणार, अशा अपेक्षेने मी मध्ये पडायच्या तयारीत राहिलो. पण ते उठले, आत गेले आणि आपली जुनी पान्यांची थैली घेऊन अंगणात आले.

"जॅक आन," ते म्हणाले. ताईला नव्हे, थेट मुलाला.

पुढचा तास मी पाने हातात देण्याचे काम केले. बाप जमिनीवर मांडी घालून, लेक ओणवा. एक चाक निघाले, चिमटा सुटला, शर्यतीचे पॅड बाहेर आले. भाऊजींनी त्यातला एक हातात घेऊन अंगठ्याने चाचपला. "चांगला आहे माल," ते म्हणाले. "पन हा इथला नाही. तिथं पुढं रान मोकळं असते, पटासारखं. सगळ्याइले ठाऊक असते का गाडी येऊन रायली. रस्त्यावर पुढं कोन येईल, तुले ठाऊक आहे काय? ब्रेक आपल्यासाठी नसते बाबू. समोर येनाऱ्यासाठी असते."

मग दुसरे चाक काढता काढता, मान वर न करता, त्यांनी जे सांगितले ते ताईलाही, लग्नाला इतकी वर्षे झाली तरी, ठाऊक नव्हते. १९९८ साल. भाचा तेव्हा सहा महिन्यांचा. दिवाळी दोन दिवसांवर आलेली. जिवतीच्या डोंगरातून बांबूने भरलेला ट्रक ते गडचांदूरकडे उतरवीत होते. चढताना जो गिअर, उतरताना तोच, हा ट्रकवाल्यांचा वेद. इंजिनानेच गाडी धरून ठेवायची, ब्रेक नुसता मदतीला. पण घरी लवकर पोचायचे होते. लेकराची पहिली दिवाळी. त्यांनी वरच्या गिअरात गाडी सोडली आणि सारा उतार ब्रेकवर उतरवला. अर्ध्या उतारावर ड्रम तापून धूर निघू लागला आणि पाय दाबून दाबून काही होईना. समोरच्या वळणावर बाजाराची माणसे होती. त्यांनी ट्रक डाव्या बाजूच्या मातीच्या कड्यात घातला. गाडी थांबली. माणसे वाचली. पण डाव्या बाजूला सतरा वर्षांचा क्लीनर बसला होता. त्याचा पाय गुडघ्याखाली गेला.

"ब्रेकचा दोष नव्हता," भाऊजी म्हणाले. "लोक म्हनले, ब्रेक फेल झाले. मीबी तसंच म्हनलो. ब्रेक फेल नोहते झाले. मी फेल झालो होतो."

दर दिवाळीला भाऊबीज झाली की भाऊजी एसटीने राजुऱ्याकडे जातात, हे आम्हाला ठाऊक होते. जुना दोस्त आहे, एवढेच ते सांगत. त्या दोस्ताची गडचांदूरकडे पानटपरी आहे आणि भाऊजी दरवर्षी एक पाकीट, फराळाचा डबा आणि त्याच्या पोरांना कपडे घेऊन जातात, हे त्या दिवशी अंगणात कळले. ताई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती काही बोलली नाही. आत जाऊन तिने चहाचे आधण ठेवले. चार माणसांचे.

रोजचे पॅड बसवून झाले, तरी काम संपत नाही, हे मला नव्याने कळले. चकतीवर आधीच्या पॅडचा थर चढलेला असतो; तो उतरून नव्याचा बसेपर्यंत पकड पुरती येत नाही. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगाने जाऊन, हळूहळू पंधरा-वीस वेळा ब्रेक दाबावा लागतो, पण पुरते न थांबता, आणि मध्ये गाडीला निवायला वेळ देत. दुपारी बापलेक त्यासाठी निघाले. मागे मी. भाच्याने दाबला की भाऊजी कान देऊन ऐकत. "आता बसून रायला," असे ते सातव्या-आठव्या वेळी म्हणाले. विसाव्या वेळी काहीच बोलले नाहीत, नुसती मान हलवली. आमच्या घराण्यात प्रशस्तिपत्र म्हणून याहून मोठे काही मिळत नाही.

भाच्याने तिथल्या तिथे निर्णय घेतला. मधला पॅड घ्यायचा नाही. पॅडचे दोन जोड ठेवायचे. ट्रॅकवर पोचल्यावर शर्यतीचे चढवायचे आणि निघण्याआधी, कितीही दमलो तरी, रोजचे परत बसवायचे. भाऊजींनी विचारले, "तिथं किती वेळ लागते रे बदलवाले?" तो म्हणाला, "एकट्याला तास, दोघांना अर्धा तास." यावर भाऊजी म्हणाले, "मद्रासले थंडी रायते काय जी, मास्तर?" प्रश्न मला होता, पण उत्तर मुलानेच दिले.

भाऊबीजेला ताईने मला ओवाळले. ओवाळणीचे ताट खाली ठेवून तिने फराळाचा मोठा डबा भरला आणि तो लाल मोटारीच्या मागच्या सीटवर, पडू नये म्हणून, उशीने टेकवून ठेवला. भाऊजी यंदा एसटीने गेले नाहीत. ते पुढे बसले. गल्लीच्या तोंडाशी कुणाची तरी कोंबडी आडवी आली. मोटारीचे मागचे लाल दिवे लागले, ती जागच्या जागी थांबली, कोंबडी रमतगमत पलीकडे गेली, आणि दिवे विझले. कसलाही आवाज झाला नाही.

सुट्टी संपून शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मी सायकलच्या दुकानात गेलो आणि पुढचे-मागचे ब्रेकचे चारही रबर नवे बसवून मागितले. दुकानदार जुन्या रबरांकडे पाहत राहिला. झिजून त्यांचे नुसते पत्रे उरले होते.

"मास्तर, आतापर्यंत थांबत होते तरी कसे?" त्याने विचारले.

मी त्याला पाय दाखवले. दुसऱ्या दिवशी वर्गात गेल्यावर पहिल्यांदा त्या चौथीतल्या मुलाच्या नमस्काराला उत्तर दिले. त्याने त्या दिवशीही वही आणली नव्हती.